घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल आला. आता एमआरआय काढायचा का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी 19 वर्षांची आहे. कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते, चढाईपटू आहे. 16 दिवसांपूर्वी सरावात समोरच्या कोपरारक्षकाने तिचा डावा घोटा पकडला. पाय मॅटवर तसाच अडकला आणि ती मध्यरेषेकडे वळली. तिथेच खाली बसली. पाय टेकवताच येईना, दोघींनी उचलून दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. 'फ्रॅक्चर नाही, लचक आहे' म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. आता सूज बरीच उतरली आहे, पण अजून लंगडते. जिना उतरताना आणि पायावर जोर देऊन पुढे जाताना कळ येते. दुखणं बाहेरच्या हाडापाशी आहे. ती म्हणते, त्याच्या थोडं वर, समोरून जास्त दुखतं. सासूबाईंनी हाडवैद्याकडून चोळून आणू म्हणून धोशा लावलाय. शेजारचे म्हणतात, एक्स-रेत काय दिसतंय डोंबल, सरळ एमआरआय काढा, नाहीतर सीटी. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. एमआरआय काढायचा का? आणि एवढे फोटो काढून मुलीच्या जातीला पुढे काही त्रास तर होणार नाही ना? एक्स-रेचा फोटो सोबत पाठवते आहे.
एक आई, तासगाव

उत्तर:

ताई, आधी थेट उत्तर देते. उद्या उठून एमआरआयची वेळ घेऊ नका. पण एक्स-रे नॉर्मल आलाय म्हणून आणखी पंधरा दिवस वाट बघतही बसू नका. याच आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा न्या आणि घोटा नव्याने तपासून घ्या. त्या तपासणीत काय हाताला लागतं त्यावर पुढचा फोटो कुठला, की लागणारच नाही, हे ठरेल. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, दिवसभर हेच फोटो वाचते. तेव्हा मशीनशी माझं काही वाकडं नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. बाहेरच्या हाडाच्या थोडं वर आणि समोरून जास्त दुखतं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. अख्ख्या पत्रात माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी पहिल्या दिवसाचं बघू.

तो एक्स-रे वाया गेला असं अजिबात समजू नका. पाय मुरगळलेल्या माणसाचा एक्स-रे काढायचा की नाही, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत रोज पडतो, कारण अशा फोटोंपैकी बहुतेकांत हाड शाबूतच निघतं. कॅनडात ओटावा इथे डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम करून 1992 मध्ये एक साधा नियम मांडला. तो आजही वापरात आहे. त्याला लागतं काय, तर डॉक्टरांचं बोट आणि पेशंटची चार पावलं. घोट्याला दोन्ही बाजूंनी हाडाची जी टोकं वर आलेली असतात, त्यांच्या टोकापासून मागच्या कडेने वर 6 सेंटिमीटरपर्यंत दाबत जायचं. तिथे हाडावर दुखलं तर एक्स-रे. दुखलं नाही, पण पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात आल्यावर अशा दोन्ही वेळी चार पावलंही टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. लंगडत टाकली तरी ती पावलं धरतात. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध, एक उंचवटा हाताला लागतो. तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखलं तर पावलाचाही एक्स-रे काढतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता इतकी कमी उरते की फोटोशिवाय घरी पाठवता येतं.

तुमच्या लेकीला पाय टेकवताच येत नव्हता. तेव्हा एक्स-रे काढणं रास्तच होतं, आणि हाड तुटून सरकलेलं नाही एवढं त्याने सांगितलं. त्याचं काम तेवढंच होतं.

हा नियम वाचून पुष्कळ जण घरातल्या आजोबांचा पाय दाबून बघतील, म्हणून जाता जाता सांगून ठेवते: मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तो लावायचा नाही. त्यांना मोडलेल्या पायावर चालता येतं, आणि ते चालतातही. दारूच्या नशेत पडलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस 'दुखत नाही' म्हणाला तर त्यावरही जाऊ नये. लहान मुलांचं गणित वेगळं असतं, कारण त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग, असते. मोठ्यांत लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) ताणलं जाईल अशा झटक्याने मुलांत ती कूर्चा दुखावते, आणि एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. फिल्म खिडकीला लावून काढलाय, मागे ग्रिल दिसतेय आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. यावरून निदान करायला मी धजणार नाही. दुसऱ्या कुणी व्हॉट्सॲपवर बघून केलं तर तेही मानू नका. तरी त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे फिल्मवर दोनच चित्रं आहेत, समोरून आणि बाजूने. दुसरं म्हणजे फिल्म घोट्याच्या जरा वर संपते, वरचा पाय त्यात आलेलाच नाही.

घोट्याचे फोटो खरं तर तीन काढायचे असतात. तिसऱ्यात पाय 15 ते 20 अंश आत वळवून घेतात. हे कशाला, ते सांगते. घोटा म्हणजे तीन हाडांची जुळणी. वरून नडगी, बाहेरून नडगीशेजारचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, आणि या दोघांनी मिळून केलेल्या खोबणीत खालचं टेलस नावाचं हाड बसतं, सुताराने चौकटीच्या खाचेत लाकूड घट्ट बसवावं तसं. सरळ समोरून घेतलेल्या फोटोत ही हाडं एकमेकांवर येतात आणि फट झाकली जाते. पाय थोडा आत वळवला की खोबणी तिन्ही बाजूंनी मोकळी दिसते. आतल्या बाजूची फट 4 मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा सांध्याच्या जरा वर नडगी आणि फिब्युला यांच्यातलं अंतर 6 मिलिमीटरच्या वर गेलं, की आम्ही फोटो पुन्हा निरखून बघतो. तुमच्या दोन फोटोंवर ही मापं धड घेता येत नाहीत. पहिल्या दिवशी ठणकणारा पाय वळवून धरणं अवघड जातं, त्यामुळे तिसरा फोटो राहून जातो. पण आता पाय वळेल.

आणि ते दुखणं. पाय नेहमी मुरगळतो तो आतल्या बाजूला वळून. त्यात बाहेरच्या हाडाच्या खालचं आणि पुढचं लिगामेंट ताणलं जातं, सूज तिथेच येते, चार-सहा दिवसांनी काळंनिळं टाचेकडे उतरतं. तुमच्या लेकीचं तसं झालेलं नाही. तिचं पाऊल धरलेलं होतं आणि वरचं अंग फिरलं. असा पीळ बसला की नडगी आणि फिब्युला यांना एकत्र बांधून ठेवणारे जे पट्टे घोट्याच्या वर असतात, त्यांच्यावर ताण येतो. या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. खेळाडूंच्या तोंडी ही 'वरची लचक'. तिची लक्षणं साधारण तुम्ही लिहिलीत तशीच: सूज फार नसते, दुखतं वर आणि समोरून, जोर देऊन पुढे ढकलताना कळ येते, आणि नेहमीच्या लचकेपेक्षा पाय बराच जास्त काळ छळतो. तिला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पण हेच नाही ना, ते बघणं भाग आहे, कारण ही लचक क्रेप बँडेज बांधून विसरून जाण्यातली नाही. तो जोड सैल होऊन हाडं फाकली असतील तर कधी कधी स्क्रू घालून किंवा दोरीने आवळून ती पुन्हा जुळवावी लागतात. उशीर झाला की ते अवघड होतं.

ते कळायला सुरुवातीला कुठलंच मशीन लागत नाही. डॉक्टर पोटरीच्या मध्यावर नडगी आणि फिब्युला दोन्ही बाजूंनी हाताने दाबतील. दाब पोटरीवर असताना कळ घोट्यात आली तर ती खूण. मग गुडघा वाकवून, नडगी धरून, पाऊल हलकेच बाहेर वळवतील; त्यानेही तिथेच दुखतं का ते बघतील. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फिब्युला सगळीकडे दाबून बघायला आवर्जून सांगा. असा पीळ कधी कधी वर चढत जातो आणि फिब्युला घोट्याला न मोडता पार वर, गुडघ्याच्या खाली मोडते. मेझोनव नावाच्या फ्रेंच सर्जनचं नाव त्या फ्रॅक्चरला आहे. घोट्याच्या फिल्ममध्ये ते येतच नाही, आणि पेशंटही 'घोटा दुखतो' एवढंच सांगतो. तुमची फिल्म वर संपते म्हणाले, ते याचसाठी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हे का केलं नाही, असा राग मनात असेल तर सोडून द्या. ताज्या सुजेत, जिथे हात लावावा तिथे पेशंट ओरडते तेव्हा, लिगामेंटची परीक्षा धड होतच नाही. चार-पाच दिवसांनी केलेली तपासणी पहिल्या दिवसापेक्षा जास्त भरवशाची असते, हे आमच्या शास्त्रात नीट तपासलं गेलं आहे. चूक झाली असेल तर एवढीच की 'पाच दिवसांनी पुन्हा दाखवा' असं कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं आणि सूज उतरतेय म्हटल्यावर तुम्ही गेला नाहीत. दोन्ही सर्रास होतं.

तपासणीनंतरचा पहिला फोटो पुन्हा एक्स-रेच असावा, पण उभं राहून काढलेला. झोपवून काढलेल्या फोटोत सैल झालेला जोड गुपचूप जागेवर बसलेला दिसतो. अंगाचा भार पडला की फाकतो. दोन्ही पायांचा एकदम काढला तर उत्तम. तिचा उजवा पाय समोर असला की डाव्यातली एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची तफावतही कळते. प्रत्येकाच्या घोट्याची मापं थोडी वेगळी असतात, म्हणून स्वतःचाच चांगला पाय हे सगळ्यात खरं माप. काही शे रुपयांचं काम आहे. मिरज-सांगलीत कुठेही होईल. फक्त चिठ्ठीवर 'उभं राहून, दोन्ही घोटे, आत वळवलेल्या फोटोसह' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर तंत्रज्ञ बिचारा सवयीने टेबलवर झोपवतो.

आता एमआरआय. वरच्या दाबून बघण्याच्या परीक्षांत कळ आली, आणि उभ्याचा एक्स-रे ठीक असला किंवा संशय ठेवून गेला, तर एमआरआय जरूर काढा आणि लांबवू नका. ते पट्टे किती फाटलेत, हाड आतून ठेचकाळलंय का, टेलसवरची कूर्चा सोलली गेलीय का, हे एक्स-रेला दिसत नाही, एमआरआयला दिसतं. परीक्षा साध्या निघाल्या, बाहेरचं नेहमीचं लिगामेंट दुखावलंय एवढंच ठरलं, तर एमआरआय थांबू द्या. ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालून, व्यायाम करून पाच-सहा आठवड्यांनीही सांध्यात खोल दुखत राहिलं, पाय मध्येच अडकला किंवा सारखा लचकायला लागला, तर तेव्हा काढा. तेव्हा त्याला विचारायला प्रश्न असेल.

प्रश्न नसताना काढलं की काय होतं, ते मी रोज बघते. माझ्यासमोर कागद येतो: 'एमआरआय डावा घोटा, दुखतंय.' बस्स. कसा पडला, कुठे दुखतं, काही नाही. मी इमानदारीत जे दिसतं ते सगळं लिहिते. पुढचं लिगामेंट पूर्ण फाटलंय. हाडात सूज आहे. बाजूच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात थोडं पाणी आहे. घरी गेल्यावर 'पूर्ण फाटलंय' हा शब्द पकडून रडारड, ऑपरेशनची चौकशी, दोन-तीन डॉक्टर. बाहेरचं ते लिगामेंट पूर्ण फाटलं तरी बहुतेकांचं ब्रेस आणि व्यायामानेच जुळून येतं, उपचार काही बदलत नाहीत. काही हजार रुपये मात्र जातात. शिवाय एमआरआय पाय स्थिर ठेवून, आडवं पडून काढतात. सांधा हालताना सैल पडतो का, हे सांगायला ते कच्चंच. रिपोर्टाच्या शेवटी आम्ही 'तपासणीशी पडताळून पाहावे' असं लिहितो ते त्यासाठी. (कधी कधी हात झटकायलाही लिहितात, नाही असं नाही.)

काढायचं ठरलंच तर एवढं ध्यानात ठेवा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून गोष्ट लिहून घ्या: चढाईत घोटा धरला गेला, अंग वळलं, घोट्याच्या वर समोर दुखतं, सिंडेस्मोसिस बघा. जुनी फिल्म बरोबर न्या, तिचा मोबाइलवरचा फोटो नको. अशा दुखापतीला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सहसा लागत नाही. 3 टेस्लाचंच (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन हवं असा हट्ट धरून पुण्याला पळू नका, 1.5 टेस्लावरही घोटा नीट दिसतो. पैंजण, केसातल्या पिना काढायच्या. अर्धा तास खडखड आवाजात पाय हलवायचा नाही, एवढाच त्रास.

सीटी आज नको. हाड मोडल्याचं कळलेलं आहे आणि तुकडे किती, कुठे, ऑपरेशन कसं बेतायचं हे बघायचंय, किंवा टेलससारख्या हाडात बारीक फ्रॅक्चरचा दाट संशय आहे, तर सीटीचा उपयोग. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे गरोदरपणच आठवतं, पण घोट्याच्या कंडरा आणि लिगामेंट बघायला ती फार चांगली. पाय हलवत बघता येतं, जे एमआरआयला जमत नाही. मात्र ती करणाऱ्याच्या हातावर असते, आणि घोट्याची सोनोग्राफी रोज करणारे हात मोठ्या शहरांबाहेर थोडे. परदेशी संघांचे डॉक्टर मैदानातच सोनोग्राफी करतात तसं आपल्याकडे का नाही, असं तुमच्या लेकीचे प्रशिक्षक विचारतील. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे हे मशीन नोंदणी केलेल्या जागेतच वापरता येतं, कुठेही उचलून नेता येत नाही. कायदा हवाच होता. खेळाडूंच्या घोट्याला त्याची झळ लागते, एवढं खरं.

मुलीच्या जातीचा प्रश्न तुम्ही शेवटी भीत भीत विचारलात, पण तो मला फार जणी विचारतात. घोट्याच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.001 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप) असतो. जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून आपल्या सगळ्यांना वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरण असेही मिळतात. तेव्हा तो फोटो म्हणजे घरी बसून काही तासांत मिळतो तेवढा डोस. त्यातही किरण पायावर पडतात, ओटीपोट दूर असतं. पुढे मूल होण्याशी त्याचा काही संबंध नाही. सीटीचा डोस एक्स-रेपेक्षा जास्त असतो, तरी घोट्याच्या सीटीत तोही थोडकाच. एमआरआय चुंबकावर चालतं, त्यात क्ष-किरण नसतातच.

सासूबाईंना दुखवू नका, पण चोळणं बंद. वरच्या लचकेचा संशय मिटेपर्यंत पाय कुणीही ओढायचा नाही, वळवायचा नाही, कटकन आवाज काढायचा नाही. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर लावू द्या, कातडी सोललेली नसली म्हणजे झालं. लेपाने लिगामेंट जुळत नाही, पण आजीच्या जिवाला बरं वाटतं आणि पायाला अपाय नाही. डॉक्टरांनी बघेपर्यंत तिला कुबडी घेऊन चालू द्या. त्या पायावर पूर्ण भार देऊन गर्रकन वळणं नको. पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, बोटं गार किंवा बधिर पडली, किंवा घोटा लालबुंद होऊन ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

राहिली निवड चाचणी. नेहमीची लचक असेल तर व्यायाम नीट केल्यावर काही आठवड्यांत खेळाडू मॅटवर येते. वरची लचक असेल तर सहा आठवडे सहज जातात, कधी त्याहून जास्त. एमआरआय स्वच्छ आलं म्हणून खेळायला मोकळीक मिळत नाही, आणि त्यात डाग दिसला म्हणून बंदीही होत नाही. त्या एका पायावर चवड्यावर उभं राहता येतंय का, लंगडी घालता येतेय का, धावताना दिशा बदलता येतेय का, आणि हे सगळं दुसऱ्या पायाइतकं बिनधास्त जमतंय का, यावर फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर ठरवतील. आज ती जिना उतरताना कळवळते आहे. प्रशिक्षकांना आताच फोन करून सांगा की पुढच्या महिन्याची खात्री नाही, म्हणजे ते चढाईला दुसरी मुलगी तयार ठेवतील आणि आदल्या दिवशी 'स्प्रे मारून एकदा बघू' अशी पाळी तुमच्या लेकीवर येणार नाही.